दात कोरडा करायला पर्याय नाही

दाताचं माप घेण्यापूर्वी दात कोरडा करायचा, हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला शिकवलं जातं. व्यवसायात स्थिरावलेले अनेक दंतवैद्य सगळ्यात आधी सोडून देतात तेही हेच. याबद्दल हटकलं की उत्तर तयार असतं: ‘अहो, आता मटेरिअल हायड्रोफिलिक आलंय. थोडी ओल असली तरी चालतं.’ परिषदांच्या स्टॉलवर, कंपनीच्या प्रतिनिधीच्या तोंडी, दवाखान्यातल्या गप्पांत हे वाक्य इतक्या सहजपणे फिरतं की ते कुणी तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. हे वाक्य चुकीचं आहे. आणि त्या चुकीची किंमत ते उच्चारणारा कधीच मोजत नाही. ती खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस मोजतो, दोन-तीन वर्षांनी, कॅपखाली दात किडल्यावर.

या मताची बाजू आधी पूर्ण मांडतो, म्हणजे अर्धवट ऐकून उत्तर दिल्याचा आक्षेप राहायला नको. ही मंडळी म्हणतात: माप घेण्यासाठीची जुनी सिलिकोन्स पाण्याला झिडकारत असत, म्हणून कोरडेपणाचा एवढा आग्रह होता. नव्या सिलिकोन्समध्ये पाण्याशी जुळवून घेणारी रसायनं घातलेली आहेत. ओल असूनही मापात फरक पडत नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तोंड हे शेवटी ओलंच असतं, तिथे संपूर्ण कोरडेपणा पुस्तकातच शक्य आहे. कुठे किंचित उणं राहिलंच तर सिमेंट ते भरून काढतं. शिवाय आता स्कॅनर आले आहेत, तेव्हा हा वादच थोड्या वर्षांचा सोबती आहे. ऐकायला हे सगळं समंजस वाटतं, आणि यातलं जवळजवळ प्रत्येक विधान कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला धरून आहे. म्हणूनच ते खोडणं मला जास्त गरजेचं वाटतं.

कॅपसाठी दात घासला की त्याच्या भोवती एक बारीक पायरी तयार होते. तिला आम्ही मार्जिन म्हणतो. कॅपची कडा याच पायरीवर येऊन टेकायची असते. पुष्कळदा ही पायरी हिरडीच्या खाली अर्धा-एक मिलिमीटर असते, म्हणजे डोळ्यांना सहज दिसतही नाही. कॅप आणि पायरी यांच्यात फट राहिली तर तिथलं सिमेंट लाळेला उघडं पडतं, हळूहळू झिजतं, आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. ही फट किती चालू शकते? मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये, हजाराहून अधिक कॅप-इनले वगैरेंचा पाच वर्षांचा अभ्यास करून, १२० मायक्रॉन ही कमाल मर्यादा सुचवली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या बारीक हिशेबाचं काम एका लिबलिबीत पदार्थावर सोपवलेलं असतं. दात आणि हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या चिरेत तो पोचला पाहिजे, आणि त्या चिरेत लाळ उतरते, हिरडीतून द्रव झिरपतो, आणि हिरडी सुजलेली असली तर रक्तही येतं. ओलीचा प्रश्न तोंडभर पसरलेला नाही, तो नेमका या चिरेत आहे. ‘थोडी ओल’ जिथे उरते ती जागा आणि कॅपचं आयुष्य ठरवणारी जागा एकच आहे.

आता हायड्रोफिलिक, म्हणजे पाण्याला जवळ करणारं, या दाव्याकडे येऊ. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, गोल थेंब होऊन राहतं. साध्या ॲडिशन सिलिकोनच्या पृष्ठभागावर पाण्याचं असंच होतं: थेंब आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन ९० अंशांच्या वर जातो. सत्तरच्या दशकाच्या मध्याला ही सिलिकोन्स आली तेव्हा त्यांची अचूकता आणि लवचिकता पाहून सगळे खूश झाले, पण ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. पुढे उत्पादकांनी त्यात साबणासारखं काम करणारे घटक, म्हणजे सरफॅक्टंट, मिसळले आणि तो कोन बराच खाली आणला. डब्यावर हायड्रोफिलिक लिहिलं जातं ते याच जोरावर, आणि इथपर्यंत सगळं खरं आहे.

पण हा कोन मोजतात कसा? सिलिकोनवर पाण्याचा थेंब ठेवून. बहुतेक वेळा ते सिलिकोन आधीच घट्ट झालेलं असतं. तोंडात याच्या बरोबर उलट घडतं. तिथे पाणी आधीपासून दातावर बसलेलं असतं आणि घट्टसर पेस्टने येऊन त्या पाण्याला हटवायचं असतं. सरफॅक्टंटचे रेणू पेस्टच्या आत विखुरलेले असतात. त्यांना पृष्ठभागापर्यंत यायला आणि तिथल्या पाण्यावर परिणाम करायला वेळ लागतो. तेवढ्यात लाइट बॉडी, म्हणजे सिलिकोनची पातळ पेस्ट, दातावर पसरलेली असते, मागून पुट्टीचा, म्हणजे जाड पेस्टचा, ट्रे दाबला गेलेला असतो, आणि कोपऱ्यातलं पाणी जायला जागाच उरलेली नसते. ते तिथेच कोंडतं. त्यातून लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात प्रथिनं आहेत, चिकट म्युसिन आहे, आणि तिचा थर दाताला धरून राहतो. शुद्ध पाण्याच्या थेंबावर मिळालेला आकडा लाळ-रक्ताच्या मिश्रणाला कोणत्या आधारावर लावायचा?

सरफॅक्टंटचा खरा उपयोग आहे, आणि तो मी नाकारत नाही. तो लॅबमध्ये दिसतो. माप घट्ट झाल्यावर त्यात स्टोन ओततात. स्टोन म्हणजे पाण्यात कालवलेली जिप्समची पूड. पाण्याला झिडकारणाऱ्या सिलिकोनमध्ये ती नीट उतरत नाही, बुडबुडे धरते. सरफॅक्टंट असलेल्या सिलिकोनमध्ये ती सहज पसरते आणि मॉडेल साफ निघतं. टेक्निशियनसाठी ही मोठी सोय आहे. ही सोय तोंडातला गुण म्हणून विकली जाते, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

पुढचा मुद्दा प्रयोगांचा. प्रयोग झालेले आहेतच, ते वाचूया. ‘जर्नल ऑफ प्रोस्थेटिक डेन्टिस्ट्री’त २००३ मध्ये दोन हायड्रोफिलिक सिलिकोन्सवरचा एक अभ्यास आला. कोरडा, दमट आणि ओला अशा तीन स्थितींत त्यांची चाचणी घेतली होती. लांबी-रुंदीतला बदल तिन्ही स्थितींत अमेरिकन डेन्टल असोसिएशनच्या मर्यादेत राहिला. प्रतिनिधी तुम्हाला सांगतो ते एवढंच. त्याच अभ्यासाचं दुसरं अंग पृष्ठभागावरच्या बारकाव्यांचं होतं: कोरलेली बारीक रेघ मापात अखंड उतरते का? त्यात समाधानकारक निकाल फक्त कोरड्या स्थितीत मिळाला. ओल आली की रेघा तुटल्या, पुसट झाल्या, पृष्ठभागावर खड्डे पडले. ‘ओलीने मापात फरक पडत नाही’ हे वाक्य या अभ्यासातून उचलायचं असेल तर त्याचं अर्धं अंग झाकूनच उचलावं लागतं.

लांबी-रुंदी टिकते आणि बारकावे जातात, असं का व्हावं? कारण लांबी-रुंदी ठरवते ती पदार्थाची अंतर्गत रचना, आणि ॲडिशन सिलिकोन घट्ट होताना त्यातून काही उडून जात नाही, म्हणून ते जवळजवळ आक्रसतही नाही. पृष्ठभागावर पाण्याचा थर असला तरी आतलं सिलिकोन आपल्या मापाने घट्ट होतंच. पाणी नुकसान करतं ते फक्त वरच्या कातडीचं. पण कॅपला लागते ती हीच कातडी! दाताची उंची आणि दोन दातांमधलं अंतर अगदी बिनचूक आलं, आणि मार्जिनची धारच गायब झाली, तर त्या बिनचूकपणाचा उपयोग काय? प्रमाणित चाचणीत २० मायक्रॉन रुंदीची रेघ उमटावी लागते, आणि ती चाचणी कोरड्या पोलादी ठोकळ्यावर घेतात. डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात त्या चाचणीचा निकाल छापलेला असतो. तोंडातली स्थिती त्या ठोकळ्याच्या जवळ नेणं हे दंतवैद्याचं काम आहे. ते केलं नाही तर तो आकडा त्याच्या रुग्णाला लागू होत नाही.

कोंडलेलं पाणी मापात कसं दिसतं हे सांगायला हवं, कारण बरेच जण ते ओळखतच नाहीत. मोठा बुडबुडा असेल तर तो चटकन दिसतो आणि माप पुन्हा घेतलं जातं. जास्त घातक आहे तो पातळ थर. तिथे सिलिकोन दातापर्यंत पोचलेलं नसतं, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो. तीक्ष्ण कडेऐवजी एक गोलसर, सुबक वळण दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, छान माप आलं. ते लॅबमध्ये जातं, त्यातून स्टोनचा दात, म्हणजे डाय, तयार होतो. पाण्याची जागा आता स्टोनने घेतलेली असते, त्यामुळे जिथे काही नव्हतं तिथे एक फुगवटा येतो, किंवा पायरीच सापडत नाही. टेक्निशियन मग ब्लेडने तो फुगवटा खरवडतो आणि लाल पेन्सिलीने अंदाजाने मार्जिन आखतो. त्याने तो दात कधी पाहिलेला नाही. हिरडीखाली काय आहे हे तो कुठून सांगणार? अनुभवी टेक्निशियनचा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो, हे त्याचं कसब. पण त्याच्या अंदाजावर रुग्णाचा दात सोपवण्याचा अधिकार दंतवैद्याला कुणी दिला?

‘सिमेंट भरून काढतं’ हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. सिमेंट हे कॅप आणि दात यांच्यातली फट बुजवायला आणलेलं पुटीन नाही. अगदी पातळ थर म्हणून काम करायला ते बनवलेलं आहे. बारीक कामासाठीच्या सिमेंटचा थर २५ मायक्रॉनच्या आत बसला पाहिजे, अशी अपेक्षा त्याच्या मानकातच होती. थर जाड झाला की त्याची कडा लाळेत उघडी राहते. सिमेंट जुन्या प्रकारचं असेल तर विरघळतं, नव्या प्रकारचं असेल तरी दातावर ब्रश फिरवताना आणि चावताना झिजतं. जी चूक माप घेताना दहा मिनिटांत टाळता आली असती ती सिमेंटवर ढकलणं, आणि तेही रुग्णाला न सांगता, हे मला व्यवसायाच्या मूलभूत प्रामाणिकपणात बसणारं वाटत नाही.

पॉलिईथरचं नाव इथे हमखास पुढे येतं. ‘बरं, सिलिकोनचं तुमचं मान्य. पण पॉलिईथर तर मुळातच पाण्याला जवळ करतं ना?’ करतं. साठच्या दशकात जर्मनीत खास दंतवैद्यकासाठी तयार झालेला हा पदार्थ दमट पृष्ठभागावर साध्या सिलिकोनपेक्षा चांगले बारकावे पकडतो, हे मी मान्य करतो. ही या लेखातली एकमेव मोठी सवलत. पण दमट वेगळं आणि साचलेलं पाणी वेगळं. चिरेत रक्त असेल तर पॉलिईथरही त्याच्या पलीकडे जात नाही. आणि पाण्याशी असलेलं हे सख्य तोंडातून बाहेर आल्यावर उलटतं. घट्ट झालेलं पॉलिईथर ओलसर जागेत ठेवलं तर पाणी शोषून फुगतं. जंतुनाशकाच्या द्रावणात ते सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवलं तर तेच होतं. आपल्याकडे एक सर्रास चालणारी पद्धत अशी: खालच्या जबड्याचं पॉलिईथरचं माप आणि वरच्या जबड्याचं अल्जिनेटचं माप एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, बरोबर ओल्या कापसाचा बोळा. अल्जिनेटला दमटपणा हवा आणि पॉलिईथरला तो मुळीच नको. दोन्ही एका पिशवीत घातली की एक तरी नक्की बिघडतं. पाण्याला जवळ करणारा पदार्थ म्हणून पाण्याची काळजी सोडायची, हा तर्क इथे पुरता उताणा पडतो.

अल्जिनेटबद्दल तर वेगळाच गैरसमज आहे. ‘त्यात सगळं पाणीच असतं, मग पाण्याने काय होणार?’ समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून मिळणारी ही पूड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आली. त्याआधी १९२५ पासून वापरात असलेल्या अगारचा मुख्य पुरवठा जपानमधून होता आणि तो तुटला होता. घट्ट झालेल्या अल्जिनेटचं सुमारे ८५ टक्के वजन पाण्याचं असतं, हे खरं. पण हे पाणी एका जागी स्थिर नसतं. हवेत ठेवलं की ते बाहेर पडतं आणि माप आक्रसतं. पाण्यात बुडवलं की ते आत शिरतं आणि माप फुगतं. दोन्ही बाजूंनी चूक होते आणि एका चुकीने दुसरी सुधारत नाही. कोरड्या टेबलावर तासभर राहिलेलं माप नळाखाली धरून पूर्वीसारखं होत नाही. पुसून घ्यायचं, दमट हवेच्या डब्यात ठेवायचं, आणि दहा-पंधरा मिनिटांत स्टोन ओतायचा, एवढाच सुरक्षित मार्ग आहे.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी अकराला घेतलेलं माप थेंब गळणाऱ्या टिश्यूत गुंडाळून ठेवलं जातं आणि संध्याकाळी लॅबचा मुलगा येऊन ते स्कूटरच्या डिकीत टाकतो. ‘ते फक्त समोरच्या जबड्याचं आहे’ असं म्हणून सगळे ते सोडून देतात. पण कॅप चावायची आहे ती या समोरच्या जबड्यावरच. त्याचं मॉडेल चुकलं की कॅप उंच येते, आणि मग दंतवैद्य अर्धा तास ती तोंडात घासत बसतो. पोर्सिलेनची झिलई जाते, खरखरीत पृष्ठभाग समोरचा दात खातो. कारण विचारलं तर दोष लॅबला दिला जातो.

अल्जिनेटवर राहिलेली लाळ आणखी एक नुकसान करते. तिच्यामुळे स्टोन वरच्या थरात नीट घट्ट होत नाही, मॉडेलचा पृष्ठभाग भुसभुशीत राहतो आणि नखाने खरवडला तरी निघतो. म्हणून माप पाण्याने धुवायचं. आणि धुतल्यावर खाचांत साचलेलं पाणी झटकून, हलक्या हवेने काढायचं, नाहीतर दाढेच्या टोकाच्या जागी स्टोन पातळ होऊन तेच घडतं. एक दक्षता मात्र उलट दिशेची आहे: अल्जिनेटचं माप घेण्यापूर्वी दात हवेने रखरखीत केले तर अल्जिनेट त्यांना चिकटतं आणि काढताना फाटतं. तिथे लाळ पुसायची, पण दात पार सुकवायचे नाहीत. प्रत्येक पदार्थाचं पाण्याशी नातं असं वेगळं असतं. कोणत्या पदार्थाला किती आणि कधी ओल चालते हे माहीत असणं म्हणजेच तो पदार्थ वापरता येणं. ‘ओल चालते’ असं सरसकट बोलणारा नेमकं हेच ज्ञान फेकून देत असतो.

आपल्या हवेबद्दलही थोडं बोललं पाहिजे. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर दमटपणा ७० टक्क्यांच्या वरच असतो. एवढ्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या प्लास्टरच्या पुडीत ओल शिरून घट्ट होण्याची क्रिया डब्यातच सुरू होते. सुरुवातीला तिच्यातले थोडे तयार स्फटिक कालवण भराभर घट्ट करतात, आणि पूड जास्त खराब झाली की ती घट्ट व्हायला वेळ लावते आणि मॉडेल कच्चं राहतं. अल्जिनेटच्या पुडीचंही तेच. तरी कितीतरी दवाखान्यांत डब्याचं झाकण दिवसभर अर्धवट लागलेलं असतं आणि पूड चमच्याने अंदाजे काढली जाते. ‘आमच्याकडे हवाच अशी’ हे कारण पुढे केलं जातं. हवा अशी आहे म्हणूनच झाकण घट्ट लावायचं ना?

‘तोंड कधी कोरडं होत नाही’ या म्हणण्यावरही माझा विश्वास नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते, हे मलाही माहीत आहे. पण संपूर्ण तोंड कोरडं करा असं कुणी म्हणत नाही. एक दात, त्याची कडा, आणि तेही फक्त लाइट बॉडी सोडताना. त्यासाठी लागणारं सगळं प्रत्येक दवाखान्यात असतं: गालात आणि जिभेखाली कापसाचे रोल, सक्शन, आणि हिरडी बाजूला सारणारी कॉर्ड. ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवलेली कॉर्ड चिरेत बसवून काही मिनिटं थांबायचं. ती काढताना आधी ओली करायची, कोरडी ओढली तर हिरडीचं आतलं अस्तर सोलून पुन्हा रक्त येतं. औषधाचे अवशेष धुवायचे, मग हवेने हलकेच कोरडं करायचं, आणि चीर उघडी दिसत असतानाच लाइट बॉडी सोडायची. चिरेची रुंदी साधारण ०.२ मिलिमीटर तरी हवी, त्याहून अरुंद चिरेत गेलेला पदार्थ काढताना फाटतो. यात एकही गोष्ट अवघड नाही. वेळ मात्र जातो.

आणि हिरडीतून रक्त येतच असेल तर? त्या दिवशी माप घ्यायचं नाही. एवढं साधं उत्तर आहे आणि तेच कुणाला ऐकायचं नसतं. नीट बसणारी तात्पुरती कॅप लावायची, हिरडीची सूज उतरू द्यायची, आठ-पंधरा दिवसांनी बोलवायचं. बरी झालेली हिरडी कॉर्डच्या स्पर्शाने रक्ताळत नाही, आणि झिरपणारा द्रवही कमी होतो. रक्ताळलेल्या हिरडीवर ‘हायड्रोफिलिक’ मटेरिअल ओतून माप घेणारा दंतवैद्य रुग्णाची एक फेरी वाचवतो, आणि त्या बदल्यात त्याला पुढच्या काही वर्षांत रूट कॅनाल, नवी कॅप किंवा दात काढण्याच्या जवळ नेतो. रुग्णाला हे कधी सांगितलं जातं का? त्याला निवड दिली, तर तो कोणती घेईल?

उरला स्कॅनर. १९८५ मध्ये झ्युरिकला मोरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी खुर्चीजवळच कॅमेऱ्याने माप घेऊन पहिला इनले बसवला, तेव्हापासून ही पद्धत खूप पुढे आली आहे, आणि ती पुढे जायलाच हवी. स्कॅनरमुळे पदार्थाचं आक्रसणं, फुगणं, स्टोनचे बुडबुडे हे सगळं निश्चितच संपतं. दाताचा एखादा भाग ओला राहिला तर तेवढाच पुन्हा स्कॅन करता येतो, हाही फायदा आहे. पण स्कॅनर प्रकाशाने पाहतो. लाळेच्या थरावर प्रकाश चमकतो आणि वाकतो, आणि कॅमेरा दाताचा पृष्ठभाग समजून लाळेचा पृष्ठभाग नोंदवतो. रक्ताच्या पलीकडे तर त्याला काहीच दिसत नाही. सिलिकोनला निदान दाबाने थोडंफार पाणी बाजूला सारता येतं, प्रकाशाला तेही जमत नाही. सॉफ्टवेअर मग अपुरी माहिती जुळवून पडद्यावर सलग पृष्ठभाग दाखवतं, आणि ते रंगीत, सुबक चित्र पाहून दंतवैद्याचा विश्वास आणखी वाढतो. स्कॅनर घेतल्यावर कोरडेपणाचा आग्रह वाढायला हवा. तो सोडून देण्याचं कारण म्हणून स्कॅनर दाखवला जातो, याची मला खरोखर चिंता वाटते, कारण पुढची पिढी कॉर्ड लावायला शिकण्याआधीच स्कॅनर हातात घेते आहे.

मूळ कारण ना रसायनशास्त्रात आहे ना हवामानात. दिवसाला जितके रुग्ण तितकं उत्पन्न, आणि कोरडं करायला लागणारी दहा मिनिटं कुठल्याही बिलात दिसत नाहीत. रुग्ण कॅपच्या रंगाचे पैसे देतो, झिर्कोनिया की धातू हे विचारतो, वॉरंटीचं कार्ड मागतो. माप कसं घेतलं हे त्याला विचारावंसं वाटत नाही, कारण ते महत्त्वाचं आहे असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही. महागातल्या महाग झिर्कोनियाची कॅप ओल्या मापावर बनवली तर ती महाग आणि न बसणारी एवढंच होतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. कंपन्यांनी डब्यावर हायड्रोफिलिक लिहायचं असेल तर त्याखाली ओल्या पृष्ठभागावर बारकावे किती उतरले तेही छापावं, नुसता पाण्याच्या थेंबाचा कोन नको. महाविद्यालयांनी परीक्षेत विद्यार्थ्याचं माप तपासताना ट्रे भरण्याआधीचा दात पाहावा, आणि तो ओला असेल तर तिथेच थांबवावं. दंतवैद्यांनी रक्त येत असताना माप घेणं बंद करावं, रुग्णाला आणखी एक फेरी पडली तरी. आणि लॅबवाल्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवावी. मार्जिन दिसत नसेल तर ते माप परत पाठवावं, फोन करून स्पष्ट सांगावं की यावर कॅप होणार नाही. तो फोन आला की दंतवैद्याला राग येईल, एखादं काम दुसऱ्या लॅबकडेही जाईल. तरी तो फोन करावा.